घर विकायला काढण्याआधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा

घर बघायला आलेल्या माणसाला भिंतीतल्या तारा दिसत नाहीत आणि फरशीखालचे पाइपही दिसत नाहीत. त्याला दिसतात स्विचबोर्डाच्या कडेवर उडालेले रंगाचे फटकारे, बेसिनखाली चिकटपट्टी गुंडाळलेला पाइप, उघडताना फरशीला घासणारं दार. तिन्ही कामं एका दिवसात उरकण्यासारखी आहेत. पण ती तशीच राहिली की समोरचा माणूस न दिसणाऱ्या गोष्टींचाही अंदाज बांधू लागतो, आणि हा अंदाज खऱ्या खर्चाच्या कितीतरी पुढे जातो. मग तो एकतर किंमत पाडून मागतो, नाहीतर काही न बोलता पुढचं घर बघायला जातो.

दोषाच्या बाबतीत विकणाऱ्यासमोर तीन वाटा असतात: मुळापासून दुरुस्त करणं, तसाच उघडा ठेवून सांगून टाकणं, किंवा वरवर झाकणं. पहिल्या दोन्ही वाटांनी घर विकलं जातं. तिसरी स्वस्त वाटते, पण सर्वांत महाग पडते. झाकलेला एक दोष उघड झाला की चांगल्या केलेल्या दहा कामांवरचाही विश्वास उडतो.

आधी पाहणी, मग यादी

कारागिराला बोलावण्याआधी स्वतः घर फिरा. हातात टॉर्च, मोजपट्टी, वही आणि टिश्यू पेपर असू द्या. सुरुवात मुख्य दाराच्या बाहेरून करा, कारण येणारा माणूसही तिथूनच येणार आहे. प्रत्येक खोलीत क्रम एकच ठेवा: छत, भिंती, दारं-खिडक्या, फरशी, मग बसवलेल्या वस्तू. क्रम बदलत गेला की हमखास काहीतरी सुटतं.

टॉर्च भिंतीला चिकटवून, प्रकाश भिंतीवरून सरपटत जाईल असा धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे, जुने ठिगळ आणि पुट्टीचे उंचवटे अशा तिरक्या उजेडात लगेच उठून दिसतात. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आलं की खरेदीदारालाही ते असेच दिसणार आहेत. प्रत्येक नळ पाच मिनिटं चालू ठेवा आणि खालच्या प्रत्येक सांध्यावर टिश्यू टेकवून बघा. हाताला न जाणवणारी गळतीही कागद भिजवते. प्रत्येक स्विच दाबा, प्रत्येक खिडकी पूर्ण उघडून बंद करा, कपाटांची दारं उघडा. येणारे लोक कपाटं उघडतातच, त्यात वावगं काही नाही.

यादीचे तीन भाग करा: पाणी, वीज व सुरक्षितता, आणि दिसणं. काम याच क्रमाने करायचं. बहुतेक जण उलट करतात, आधी रंग देतात आणि मग प्लंबर भिंत फोडतो.

ओल: सर्वांत जास्त झाकली जाणारी आणि सर्वांत लवकर उघडी पडणारी गोष्ट

ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर काही आठवडे भिंत छान दिसते. आतलं पाणी मात्र बाहेर पडायला वाट शोधत असतं. रंगाचा थर ती वाट अडवतो, मागे दाब साठतो आणि फुगे येऊन पोपडे सुटतात. पाण्याबरोबर विटा-सिमेंटमधले क्षारही पृष्ठभागाकडे येतात आणि पांढरी भुकटी जमते. हा लोणा नुसता कुरूप नसतो, तो हवेतली आर्द्रता ओढून घेतो. म्हणून गळती थांबवूनही जुना क्षारलेला गिलावा तसाच ठेवला, तर दमट हवेत डाग पुन्हा उमटतो आणि प्लंबरचं काम फसलं असं वाटतं.

आधी ओल कुठून येते ते ठरवा. डागाची जागा बरंच सांगते. जमिनीपासून वर चढत जाणारा आणि साधारण मीटरभर उंचीवर आडवी कड सोडणारा डाग जमिनीतल्या ओलीचा असतो. पाऊस पडल्यावर खिडकीभोवती किंवा बाहेरच्या भिंतीवर वाढणारा डाग बाहेरून येतो. बाथरूमच्या पाठीमागच्या किंवा खालच्या भागातला डाग पाइपाचा तरी असतो, नाहीतर वॉटरप्रूफिंगचा. कपाटामागे, वरच्या कोपऱ्यात काळे बुरशीचे ठिपके असतील तर बहुतेक वेळा दोष हवा न खेळण्याचा असतो. तिथे भिंत फोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

शंका असेल तर हा क्रम पाळा:

१. डागावर सुमारे ४५ सेंमी लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि २४ ते ४८ तास ठेवा. पाणी कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसते आहे.

२. घरातले सगळे नळ बंद करून रात्रभर मीटरचा आकडा किंवा टाकीची पातळी बघा. कोणीही पाणी न वापरता ती बदलली तर दाबाखालच्या पाइपात गळती आहे. आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून तीच गळत नाही ना, हे पाहून घ्या. रंग आपोआप भांड्यात उतरला तर दोषी सापडला.

३. पातळी स्थिर राहिली तर बाथरूमच्या तळाकडे वळा. नहाणी ट्रॅप (तळातलं पाणी बाहेर जाण्याचं जाळीचं तोंड) कापड आणि प्लास्टिकने बंद करा, २५ ते ५० मिमी पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि २४ तास थांबा. दाराचा उंबरा त्याहून उंच आहे ना, हे आधी मोजा. खूण उतरली आणि खालचा डाग गडद झाला तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे.

४. कारण दूर झाल्यावर खराब गिलावा ओलीच्या दिसणाऱ्या कडेच्या ३० सेंमी पलीकडेपर्यंत काढून टाका. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

५. भिंत वाळू द्या. विटांच्या बांधकामाला २५ मिमी जाडीमागे साधारण एक महिना हा जुना ठोकताळा आहे. नवा गिलावा रंगाआधी २८ दिवस तरी मोकळा ठेवावा.

पाचव्या पायरीलाच सगळे घाई करतात. वाळायला वेळ नसेल तर भिंत उघडी ठेवून घर दाखवा, दुरुस्तीचं बिल शेजारी ठेवा आणि कधी काय केलं ते सांगा. उघडा पण कोरडा होत चाललेला गिलावा खरेदीदाराला चालतो. ताज्या रंगाचा वास आणि एकाच भिंतीवर चढलेला नवा रंग पाहून मात्र कसलेला माणूस थेट तिथेच हात टेकवतो.

खिडक्यांबाबत एक चूक नेहमी दिसते. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पट्टीत साचलेलं पाणी त्यातून बाहेर जातं. गळती थांबवायच्या उत्साहात हीच भोकं सिलिकॉनने (सांधे बुजवायच्या रबरासारख्या लेपाने) बुजवली जातात आणि मग पाणी घरात येतं. ती तारेने मोकळी करा, पट्टीतली माती काढा आणि सिलिकॉन फक्त चौकट व भिंत यांच्या सांध्याला लावा.

बाथरूम: टाइलवर टाइल नको

जुन्या टाइलवर नवी चिकटवणं योग्य तयारी केली तर तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण विक्रीआधीच्या घाईत ते जवळजवळ नेहमी बिघडतं. टाइल आणि चिकटवणीचा थर मिळून तळ १० ते १५ मिमी वर येतो. दार घासू लागतं, म्हणून ते खालून कापलं जातं. ट्रॅप खड्ड्यात जातो, उंबऱ्याची उंची कमी होते आणि पाणी खोलीकडे वाहतं. खालची जुनी टाइल सुटलेली असेल तर नवीही तिच्याबरोबर पोकळ वाजते. लाकडी दांड्याने हलकं ठोकून बघा. सुट्या एखाद-दोन टाइल पोकळ असतील तर तेवढ्याच बदला. सलग पट्टा पोकळ असेल तर तो पूर्ण उखडून, वॉटरप्रूफिंग करून, तळाला दर मीटरमागे १० ते १२ मिमी उतार देऊन नव्याने बसवा. एवढं करायचं नसेल तर हात लावू नका आणि किमतीत धरा.

टाइल ठीक असतील तर बाथरूमचं रूप दोनच गोष्टी बदलतात: ग्राउट (टाइलमधल्या सांध्यांत भरलेला मसाला) आणि सिलिकॉन. काळवंडलेल्या ग्राउटवर पांढरा ग्राउट नुसता फासला की काही धुण्यांतच त्याच्या खपल्या निघतात, कारण त्याला धरायला जागाच नसते. जुना ग्राउट किमान ३ मिमी खोल खरवडा, धूळ काढा, सांधे किंचित ओलसर करा आणि मगच नवा भरा. २४ तास पाणी लागू देऊ नका.

भिंत आणि तळ, भिंत आणि बेसिन असे जिथे दोन वेगळे पृष्ठभाग भेटतात तिथे ग्राउट तडकतोच, कारण ते सांधे किंचित हलत असतात. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन हवं. नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही, हे न पाळल्याने सगळी फसगत होते. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, सांधा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून एकसलग रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच सारखी करा आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढा. पुढचे २४ तास बाथरूम वापरू नका.

नळांवरचा पांढरा क्षार काढायला लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड पुरतं. भिजवलेलं फडकं १५-२० मिनिटं गुंडाळून ठेवा, मग धुवा. संगमरवरावर याचा थेंबही पडू देऊ नका, चकाकी कायमची जाते. आणि कोणतंही ॲसिड ब्लीचबरोबर मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

रंग

रंगाचं नव्वद टक्के यश डबा उघडण्याआधी ठरतं, आणि रंगारी घाई करतो ती नेमकी त्याच टप्प्यावर. तेलकट भिंत आधी धुवावी लागते. जुना रंग तेलाचा आहे की पाण्याचा ते बघा: स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस चोळल्यावर रंग कापसाला लागला तर तो पाण्याचा, न लागला तर बहुधा तेलाचा. तेलाच्या चकचकीत रंगावर घासकाम आणि योग्य प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) न करता पाण्याचा रंग दिला तर नखाने सोलता येईल असा पापुद्रा तयार होतो.

बारीक भेग नुसती पुट्टीने बुजवली तर तीच रेघ परत येते. ती टोकदार पात्याने इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात थोडी रुंद करा, धूळ काढा, लवचीक फिलर भरा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, वाढत चाललेली किंवा ५ मिमीपेक्षा रुंद भेग रंगाऱ्याचं काम नाही. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि त्याचा लेखी अहवाल फाइलला लावा. असा अहवाल हाती असला की त्या भेगेवरचा वाद बराचसा मिटतो.

पुट्टी एका थरात दीड मिमीपेक्षा जाड देऊ नका, जाड थर तडकतो. दोन पातळ थर द्या, १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग प्राइमर आणि रंगाचे दोन हात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ द्या, पाण्याच्या रंगाला तो साधारण ४ तास असतो. वाळलेल्या पाण्याच्या डागावर डाग अडवणारा प्राइमर लागतोच, नाहीतर पिवळट वर्तुळ कितीही थरांतून वर येतं.

ठिगळाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डब्यात उरलेला तोच रंग लावला तरी ठिगळ दिसतं, कारण भिंतीवरचा रंग उन्हाने आणि काळाने बदललेला असतो आणि ब्रशची पोत रोलरपेक्षा वेगळी असते. म्हणून भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा. जरा ओबडधोबड भिंतीला मॅट फिनिश घ्या, चमकदार रंग प्रत्येक खड्डा दाखवतो. स्विचच्या प्लेटा, बिजागऱ्या आणि कड्या टेप लावून झाका किंवा काढून ठेवा. बिजागरीवर चढलेला रंग ही घाईची सगळ्यात ठळक सही आहे.

वीज

इथे हौशी हात नको, परवानाधारक वायरमन बोलवा. हे चार मुद्दे त्याच्याकडून तपासून घ्या: गरम होणारे किंवा काळवंडलेले सॉकेट, अर्थिंग, उलटे जोडलेले फेज-न्यूट्रल, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं यंत्र) चाचणीचं बटण दाबल्यावर पडतं की नाही. एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवलेला असेल तर तो त्याच दिवशी बदला. १.५ चौरस मिमीच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी असला तर तो पडण्याआधी तारच तापते. खरेदीदाराने आणलेला तपासनीस पॅनेलचं झाकण उघडून हेच बघतो.

सुतारकाम आणि स्वयंपाकघर

कपाटांची वाकडी दारं बदलू नका, नुसती जुळवा. आतल्या छुप्या बिजागरीला दाराकडचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर करतो आणि पट्टीवरचे स्क्रू वर-खाली. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर लाकडाची काडी फेव्हिकॉलसारख्या गोंदात बुडवून आत ठोका, वाळल्यावर कापा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करा. सिंकखालचा भुशाच्या बोर्डाचा तळ पाण्याने फुगला असेल तर तो पुन्हा बसत नाही. वर चिकट कागद लावणं म्हणजे फुगवट्याला कपडे घालणं. तेवढा तळच बदला आणि कापलेल्या कडा सील करा.

विक्रीआधी अख्खं स्वयंपाकघर नवं करण्याचा मोह मात्र टाळा. स्वस्तात केलेलं नवं काम जुन्या पण नीट ठेवलेल्या कामापेक्षा वाईट दिसतं, आणि नव्या मालकाची पसंती वेगळी निघाली तर तो खर्च वसूलही होत नाही.

पसारा, उजेड, वास

ठासून भरलेलं कपाट ‘इथे जागा कमी आहे’ एवढंच सांगतं. प्रत्येक कपाटातलं एक तृतीयांश सामान काढा. चालायच्या वाटेला ७५ ते ९० सेंमी मोकळी रुंदी ठेवा, त्यासाठी एखादं टेबल घराबाहेर गेलं तरी चालेल. पण खोली पूर्ण रिकामीही करू नका. रिकाम्या खोलीत पलंग मावेल का याचा अंदाज लागत नाही आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा नजरेत भरतो. फरशीवरचा तडा गालिच्याखाली लपवू नका, गालिचा उचलला जातोच.

बंद पडलेले दिवे बदला आणि एका खोलीत एकाच छटेचे ठेवा: बैठक व झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर), स्वयंपाकघर-बाथरूममध्ये ४००० च्या आसपास. अर्धे पिवळे, अर्धे निळसर दिवे असले की नवा रंगही मळका दिसतो. खिडकीची काच दोन्ही बाजूंनी पुसा. एवढ्या कमी कष्टात उजेड वाढवणारं दुसरं काम नाही.

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, नाक त्याला सरावलेलं असतं. म्हणून बाहेरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारा. अत्तर, उदबत्ती, फ्रेशनर यांचा भपकारा आला की लोक काय लपवलंय ते शोधू लागतात. बंद घरात गटारासारखा वास येण्याचं कारण बरेचदा साधं असतं. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी साठून वास अडवतं, आणि घर काही आठवडे बंद राहिलं की ते आटतं. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल सोडा म्हणजे पाणी सावकाश आटेल. सिगारेटचा वास पडदे आणि गाद्यांतही असतो, नुसत्या रंगाने जात नाही.

फोटो

सगळी कामं झाल्यावरच फोटो काढा. अर्धवट घराचे फोटो एकदा लोकांनी पाहिले की ती जाहिरात ते परत उघडत नाहीत. दिवसा, पडदे उघडून आणि दिवे लावून, खोलीच्या कोपऱ्यातून, साधारण १.२ ते १.४ मीटर उंचीवरून काढा. स्वयंपाकघरात ओट्याचा वरचा भाग दिसेल इतपत उंच धरा. भिंतीच्या उभ्या रेषा उभ्याच राहिल्या पाहिजेत, फोन वर-खाली झुकला की खोली पडल्यासारखी दिसते. फोनची अतिरुंद लेन्स कडेच्या वस्तू ताणते, त्यामुळे आठ फुटांची खोली सभागृह वाटते आणि प्रत्यक्ष आलेल्या माणसाचा हिरमोड होतो. मुख्य लेन्स वापरा. कमोडचं झाकण बंद, आरशात स्वतः नाही, टेबलावर कागदपत्रं किंवा दागिने नाहीत. फोटोतून ओलीचा डाग पुसू नका. सोबत मापांसह आराखडा द्या, तो असला की निरर्थक भेटी कमी होतात.

कागद आणि बोलणी

एक फाइल तयार ठेवा: मंजूर आराखडे, फेरबदलांच्या परवानग्या, वॉटरप्रूफिंगची हमी, वायरमनचा अहवाल, उपकरणांची बिलं, आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या दोषांची सही-तारखेसह यादी. विनापरवाना पाडलेली भिंत किंवा बंदिस्त केलेली गच्ची कितीही सुंदर असली तरी कर्जाच्या मूल्यांकनात ती अडते. ठाऊक असलेला गंभीर दोष दडवणं अनेक देशांच्या कायद्यांत विक्रीनंतरही अंगाशी येतं.

जे दुरुस्त करणार नाही त्याचे दोन वेगवेगळ्या ठेकेदारांकडून लेखी अंदाज घेऊन ठेवा. आकडा समोर नसेल तर खरेदीदार स्वतःचा लावतो, आणि तो कधीच छोटा नसतो. अंदाज हातात असला की किंमत एकरकमी पाडून मागण्याऐवजी बोलणी कलमाकलमाने होतात. ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात दुरुस्ती करून देण्याचं मान्य करू नका, त्या घाईतच सगळी कामचुकारी होते. त्यापेक्षा तेवढी रक्कम कमी करा. दुरुस्ती तुम्हीच करणार असं ठरलं, तर ती पूर्ण झाली हे कशावरून मानायचं तेही करारात लिहा: उदाहरणार्थ, बाथरूमच्या तळात २४ तास पाणी साठवायचं, आणि खालचं छत कोरडं राहिल्याचं दोघांनी मिळून बघायचं.